डिस्पोजलच्या गाड्या १/३५ मध्ये: हिरव्या रंगाचा कंटाळा आलाय, काय करू?

अर्धवट_किट

मंडळी, कपाटात प्लास्टिक मॉडेल किटचे तीन डबे पडून आहेत. टामियाची १/३५ (खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या भागाएवढी) विलीज जीप, मिनिआर्टची १/३५ हार्ले डब्ल्यूएलए आणि एअरफिक्सचा १/७६ मॅटाडोर, मागे तोफेसकट. तिन्ही उघडून झाले, स्प्रूचा (सुटे भाग धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या चौकटीचा) वास घेऊन झाला, पुन्हा झाकणं लावून ठेवले. हातच पुढे जात नाही. कारण एकच, ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे फौजी हिरवा. गेल्या सहा-सात वर्षांतली सगळी मॉडेल्स एका फळीवर उभी आहेत आणि परवा बायकोने विचारलं, "ही एकच गाडी तू बारा वेळा केलीस का?" उत्तर देता आलं नाही.

मग आजोळ आठवलं. आजीच्या तोंडी 'डिस्पोजलचं' हा शब्द सारखा असायचा. डिस्पोजलची जीप, डिस्पोजलचं ब्लँकेट, डिस्पोजलचा पत्र्याचा डबा. दुसरं महायुद्ध संपल्यावर फौजांनी मागे टाकलेलं सामान लिलावात निघालं आणि लोकांनी ते वर्षानुवर्षं वापरलं. विलीज आणि फोर्डने मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या होत्या. त्या सगळ्या काही संग्रहालयात जाऊन बसल्या नाहीत. कुणी तिला नांगर जोडला, कुणी वर टप ठोकला, कुणी माणसं भरली.

तसलं काहीतरी करायचंय. अट एवढीच, की तशी गाडी खरोखर रस्त्यावर धावलेली असावी. काटेरी बंपरची, प्रलयानंतरची काल्पनिक गाडी नको. सुचवा.

पाना_दहा_अकरा

हार्लेचा डबा उघड. जीपला हात लावू नकोस. दिल्लीची फटफटी कर.

तरुण मंडळींसाठी सांगतो. डब्ल्यूएलए म्हणजे हार्लेची ७४० सीसीच्या आसपासची, साइड व्हॉल्व्हची, दोन सिलिंडरची व्ही-ट्विन मोटरसायकल. नावातला शेवटचा 'ए' आर्मीचा. नव्वद हजारांच्या घरात बनल्या. युद्धानंतर त्यातल्या काही दिल्लीत विकल्या गेल्या. गॅरेजवाल्यांनी मागचं चाक काढलं, तिथे दोन चाकांचा सांगाडा जोडला, वर छप्पर टाकलं आणि कनॉट प्लेस ते लाल किल्ला, चांदनी चौक अशी सवारी सुरू केली. चालवणारे बहुतेक सरदारजी. पुढे मूळ इंजिनं थकल्यावर त्यात डिझेल इंजिनं बसली, पण पुढचा तोंडवळा मोटरसायकलचाच राहिला. १९९८ मध्ये प्रदूषणाच्या कारणावरून सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने त्या बंद झाल्या. म्हणजे लढाईत चार वर्षं आणि नोकरीत पन्नास. आपण मॉडेल कशाचं करतो? त्या चार वर्षांचं.

किटमधलं काय ठेवायचं: पुढचं चाक, फोर्क, हँडल, टाकी, इंजिन. काय टाकायचं: चामड्याच्या पिशव्या, बंदुकीची म्यान, ब्लॅकआउट दिवा, मागचं चाक. आणि एक गोष्ट विसरू नकोस. डब्ल्यूएलएचा गियर हाताचा असतो, टाकीच्या डाव्या अंगाला दांडा, आणि क्लच डाव्या पायात. चालकाचा पुतळा दोन्ही हात हँडलला चिकटवून बसवलास तर फोटोतली फटफटी होईल. डावा हात दांड्यावर ठेवलास तर गर्दीतली होईल.

आजोबा_५२

पाना यांचं वाचून कान वाजायला लागले. मी नोकरीनिमित्त १९७४ ते ७९ दिल्लीत होतो. कनॉट प्लेसहून चांदनी चौकाला जायला हीच सवारी. तिचा आवाज आधी यायचा, मग ती यायची. मागे आठ-दहा माणसं खेटून बसलेली असायची. गाडी थांबून इंजिन धडधडायला लागलं की सगळ्यांची गुडघ्यावरची बोचकी एका तालात हलायची. ऐकायला येत नसल्यामुळे भाडं किती झालं ते सरदारजी बोटांनी दाखवायचा.

मॉडेलमध्ये आवाज दाखवता येत नाही, पण बोटं दाखवता येतील. बघा जमलं तर.

अर्धवट_किट

काका, बोटांची कल्पना चोरली समजा. पाना, अडचण सांगतो. पुढचा भाग किटात आहे, पण मागच्या सांगाड्याची मापं कुठून आणू? हे एका कारखान्यातून निघालेलं नाही, दर गॅरेजचा हात वेगळा. फोटो बघितले तर दोन गाड्या एकसारख्या दिसेनात.

पाना_दहा_अकरा

हीच तर सोय आहे. तुझी तिसरी वेगळी. चूक काढायला कोण येणार?

सातारी_वडाप

आमच्याकडं डिस्पोजलची न्हवती, पण जीपला किती माणसं बसत्यात ह्या विषयात मी डॉक्टरेट हाय. वडापच्या जीपमधनं शाळेला गेलोय सात वर्षं. डायवरच्या उजव्या अंगाला बी एक माणूस बसायचा, म्हणजे डायवर गाडीच्या मधोमध. स्टेअरिंग आपलं कडंला.

जीप कर राव. हार्लेचं कौतुक पुण्यामुंबईच्या लोकांना. जीपला माणसं कळत्यात.

मनिलाकर

सातारीभाऊंशी सहमत. आणि तुमच्या वडापची मोठी बहीण मी रोज खिडकीतून बघते. नऊ वर्षं मनिलाजवळ मकातीत नोकरी करतेय. जीपनी करा, म्हणजे इथली माणसं वाहणारी जीप!

१९४६ मध्ये फिलिपिन्स स्वतंत्र झालं, तोवर मनिलाच्या लढाईत शहर बेचिराख झालेलं, ट्राम मोडलेल्या. अमेरिकन फौजेने परत जाताना जीपांचे ढीग विकले, काही तशाच देऊन टाकले. लोकांनी त्या मागून लांबवल्या, समोरासमोर दोन बाकं टाकली, वर पत्र्याचं छप्पर चढवलं. मागून चढायचं, मागूनच उतरायचं. दार नाही. भाडं हातोहात पुढे सरकवतात, "बायाद पो" म्हणत, आणि सुटे तसेच मागे येतात. थांबायचं असेल तर "पारा!" किंवा छतावर नाण्याने टकटक. पुढे १९५३ मध्ये लास पिन्यासला लिओनार्दो साराव यांनी सारावचा कारखाना काढला. ते आधी घोडागाडी हाकायचे, तिकडे त्याला कुचेरो म्हणतात. त्यांच्या गाड्या इतक्या चालल्या की १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात एक जीपनी ठेवली होती.

मात्र तुम्ही साराववाली करू नका. आजची लखलखीत जीपनी विलीजपासून फार लांब गेलीय. तिचा साचा तेवढा जीपसारखा, आत जपानी जुनी डिझेल इंजिनं. तुम्ही १९४८-५० ची करा. तिच्यात खरी जीप अजून दिसते.

लंडनचा_धोंडू

मॅटाडोरचा डबा कुणी विचारलाच नाही म्हणून मी येतो.

आपल्याकडे मॅटाडोर म्हटलं की बजाज टेम्पोची मॅटाडोर आठवते, लग्नाचं वऱ्हाड आणि मागे बँडवाले. ही ती नव्हे. एईसी मॅटाडोर हा ब्रिटिश फौजेचा तोफ ओढणारा चारचाकी ट्रॅक्टर, साउथॉलच्या कारखान्यातला, ९५ अश्वशक्तीचं ७.७ लिटर डिझेल. युद्ध संपल्यावर शेकडो मॅटाडोर बस कंपन्यांनी घेतले. का? कारण एईसी बसही बनवायची आणि तेच ७.७ चं इंजिन बसमध्येही असायचं. मेकॅनिक तोच, स्पेअर तेच, आणि बंद पडलेली दुमजली बस ओढून आणायला याच्यासारखा बैल नाही. मग प्रत्येक आगाराने आपल्या सुताराकडून त्यावर हवी तशी बॉडी बांधून घेतली, मागे क्रेन लावली आणि आपल्या बसचा रंग दिला.

आता १/७६ ची गंमत बघा. ही ओओ मॉडेल रेल्वेचीच मोजपट्टी. म्हणजे बाजारात मिळणाऱ्या १/७६ च्या जुन्या लंडन बसशेजारी हा मॅटाडोर बरोबर उभा राहतो. तोफ बाजूला काढा, मागे क्रेन लावा, लाल रंग द्या, बसचं नाक उचललेलं दाखवा. तासाभरात बायको म्हणेल, "ही गाडी नवीन दिसतेय."

अर्धवट_किट

हा मॅटाडोर नक्की होणार, पण दुसरा. पहिली जीपनी. ठरलं.

(एक शंका. सगळ्या सल्ल्यांत एक समान आहे. कुणीच लढाईबद्दल बोलत नाही, आणि तरीही धागा पंधरा प्रतिसादांकडे चाललाय. आमच्या टँकच्या धाग्यावर असं होत नाही. तिथे तिसऱ्या प्रतिसादालाच वादावादी सुरू होते की ट्रॅकच्या कड्या एकाने कमी आहेत.)

ग्राफाईट

आमच्यावर टोमणा कळला. कड्या कमीच होत्या.

असो. जीपनी करत असशील तर मस्त गंजवून टाक. मी तुला रंगाचे थर देतो: तपकिरी, केशरी, मग मिठाचा प्रयोग, पत्रा फाटलेला, चिखल पिगमेंटचा. जुनी, फौजेतून टाकलेली, गरिबाच्या दारची गाडी. जितकी गंजेल तितकी बोलेल.

पाना_दहा_अकरा

नाही. इथे मी आडवा येणार.

गंज कुणाला चढतो? जी गाडी उभी असते तिला. ही गाडी रोज सकाळी सहाला बाहेर पडते आणि चालकाचं घर तिच्यावर चालतं. ते दुकान आहे. दुकानदार रोज दुकानाची फळी पुसतो. पोट भरणाऱ्या गाडीला कुणी गंजू देत नाही, ठिगळ लावतात, पत्रा बदलतात, रंग मारतात. रंगसुद्धा दर दिवाळीला, म्हणजे तिकडे नाताळला असेल. म्हणून या गाडीवर गंजाऐवजी हाताचा झिजवटा दाखव. चढताना जो दांडा धरतात तो चकचकीत. पायरीचा पत्रा मधोमध घासलेला. बाकाची पुढची कड मळकट. छताच्या खालच्या बाजूला डोकी लागतात तिथे डाग. चाकांवर धूळ. बाकी गाडी स्वच्छ.

आपल्या छंदात एक खोड आहे. जुनी म्हटली की गंजवायची, गरीब म्हटली की चिखलवायची. गरीब माणूस गाडी धुतो हो. श्रीमंत माणूस धुवायला देतो.

मनिलाकर

पानाकाका बरोबर बोलले. इथले चालक सिग्नलला थांबले की फडकं काढतात. जीपनीचं तोंड म्हणजे त्यांची अब्रू.

ग्राफाईट

ठीक. मीठ परत डब्यात. पण एक थर माझ्याकडून घ्याच, नाहीतर ही गाडी आकाशातून पडलेली वाटेल. आधी नेहमीचा ऑलिव्ह ड्रॅब द्यायचा, अगदी फौजेत देतात तसा. बॉनेटवरचा पांढरा ताराही द्यायचा. तो डिकलने (किटातल्या तयार चिकटचित्राने) न देता स्टेन्सिल ठेवून जरा जाड रंगाने मारायचा. त्यावर वॉर्निश, वर हेअरस्प्रे आणि शेवटी नवा रंग. मग ओल्या ब्रशने घासायचं, पण फक्त तिथे जिथे मालकाने रंग मारायचा कंटाळा केला असेल: बॉनेटची आतली बाजू, फायरवॉल (इंजिन आणि चालक यांच्यामधला पत्रा), पेडलखालचा पत्रा, सीटखाली. बाहेर कुठेच नाही. बाहेर फक्त ताऱ्याची कड उठलेली दिसावी. उन्हात तिरका धरला तर तारा, सरळ धरला तर नुसती निळी जीपनी.

पाना_दहा_अकरा

हे मात्र मी हात जोडून घेतो. असं आधी का नाही बोललास?

सरकारी_कागद

विषय जरा वेगळा, पण हिरव्या रंगाचा निघालाच आहे. आपल्या देशात लिलावातून फौजी गाडी घेतली तर ती हिरवी ठेवताच येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२१: संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कुठल्याही मोटार वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. म्हणजे इथल्या गाडीचा दुसरा संसार कायद्यानेच रंगाच्या डब्यापासून सुरू होतो. जोंगा (फौजी जीप) किंवा शक्तिमान (फौजी ट्रक) करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. आणि नंबरप्लेटवरचा वर टोक केलेला बाणही काढा, तो फौजी नोंदणीचा आहे.

जोंगा जबलपूरच्या वाहन कारखान्यात बनायची, निसानच्या पी-६० वरून. सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. त्यामुळे लिलावात घेणं स्वस्त आणि पाळणं महाग. पेट्रोल पंपाशी नातं जुळल्याशिवाय जोंगा घेऊ नये असं माझा एक मित्र म्हणतो. त्याच्याकडे दोन आहेत.

सातारी_वडाप

म्हंजी हिरवी केली तर पोलीस, गंजवली तर पानाकाका. अवघड हाय.

अर्धवट_किट

(तीन आठवड्यांनी)

प्रगती. जीप कापली. होय, टामियाची नवी कोरी टब (जीपची खालची बॉडी) मधोमध करवतीने कापली आणि दोन दिवस घरात सुतक असल्यासारखा फिरलो.

मापं: खऱ्या विलीजचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ८० इंच, १/३५ मध्ये ५८ मिमी. मी मध्ये १७ मिमीची ०.५ मिमी स्टायरीनची (प्लास्टिक शीटची) पट्टी घातली, म्हणजे खऱ्या मापात साधारण दोन फूट. आधी विचार होता की व्हीलबेस तोच ठेवायचा आणि मागे ओव्हरहँग काढायचा, काम कमी. पण मग वजनाचं गणित मांडलं. फौजेच्या कागदावर ही पाव टनाची गाडी. सहा-आठ माणसं मागच्या चाकांच्याही मागे बसवली तर पुढची चाकं जमिनीला टेकणार नाहीत. मग चेसिस लांबवलं. चेसिस लांबवल्यावर मागचा प्रोपेलर शाफ्ट आखूड पडला, तोही तांब्याच्या तारेवर नळी चढवून लांब केला. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये दोन पाने वाढवली. खालून कोण बघणार, पण मला माहिती आहे.

स्टेपनी. विलीजला ती मागच्या पॅनेलवर असते. मागून माणसं चढणार, मग तिथे स्टेपनी कशी? बाजूला घेतली. नंतर लक्षात आलं की खुद्द विलीजने १९४५ च्या नागरी सीजे-२ए मध्ये हेच केलंय: मागे उघडणारं फळकं दिलं आणि स्टेपनी कुशीला नेली. म्हणजे मनिलाचा पत्रेवाला आणि अमेरिकेतला इंजिनिअर, दोघांनाही एकच अडचण आली आणि दोघांनी तीच वाट काढली. हे बघून उगाच बरं वाटलं.

बाकं: आइस्क्रीमच्या चपट्या काड्या तासून. छप्पर: थंड पेयाच्या कॅनचा पत्रा. त्याला उन्हात पडलेल्या पत्र्यासारखा हलका पोचा आपोआप येतो, स्टायरीनला आणता येत नाही.

आता मूर्खपणा. विंडशील्डची काच फेविक्विकने चिकटवली. सकाळी बघतो तर काच दुधासारखी पांढरी. हे मला पंधरा वर्षांपासून माहिती आहे, दुसऱ्यांना शंभर वेळा सांगितलंय, आणि तरीही केलं. शेवटी नव्या शर्टाच्या खोक्याचं पारदर्शक झाकण कापून नवी काच केली, ती पांढऱ्या फेविकॉलने लावली. फेविकॉल वाळून पारदर्शक होतो, वाफ धरत नाही.

आजोबा_५२

शर्ट कुठल्या मापाचा होता हे मात्र लिहिलं नाहीत.

मनिलाकर

खूप छान झालंय! दोन सूचना. स्टीअरिंग डावीकडेच ठेवा. १९४५ पर्यंत इथे डावीकडून चालायचे, ते बदलून त्या साली उजवीकडून झालं. त्यामुळे अमेरिकन जीपा बिनबदल चालल्या. आणि लोखंडी ग्रिलला हात लावू नका, नऊ फटी दिसू द्या.

सरकारी_कागद

नऊ फटींवरून आठवण: नागरी सीजेला सात फटी. प्रदर्शनात कुणी "ही महिंद्राची आहे" म्हणालं तर फटी मोजायला सांगा. महिंद्राची गोष्टही या धाग्यात बसणारीच आहे म्हणा. १९४५ मध्ये मुंबईत महिंद्रा अँड मोहम्मद या नावाने पोलादाचा व्यापार करणारी कंपनी, १९४७ मध्ये विलीज जीपची जुळणी सुरू, १९४८ मध्ये नाव बदलून महिंद्रा अँड महिंद्रा. इथे डिस्पोजलच्या जीपा फिरत होत्या, त्यांनी लोकांना चटक लावली. पुढची जीप इथेच जोडून मिळाली.

पाना_दहा_अकरा

पेट्रोलची टाकी कुठे ठेवलीस?

अर्धवट_किट

होती तिथेच. चालकाच्या सीटखाली.

पाना_दहा_अकरा

शाब्बास. मग सीटची गादी चिकटवू नकोस. पेट्रोल भरायला या गाडीत चालकाला उठून गादी उचलावी लागते. पंपावरचा प्रसंग कर. चालक गादी काखेत घेऊन उभा, मागे माणसं वैतागलेली.

ग्राफाईट

आणि त्या गादीखाली ऑलिव्ह ड्रॅब. बोललो होतो.

लंडनचा_धोंडू

पंपाचा प्रसंग फार चांगला. तोवर माझा एक प्रश्न, जरा मोठ्या मालाबद्दल. विकर्सने युद्धानंतर शर्मन रणगाड्यांचे ट्रॅक्टर केले होते, शर्विक नावाचे. टांगानिकात (आजच्या टांझानियात) कोंग्वाला भुईमूग पिकवायची सरकारी योजना १९४७ मध्ये निघाली, त्यासाठी जंगल उपटायला. रणगाड्याचा बुरूज काढला, खालचा सांगाडा आणि पट्टे ठेवले. योजना १९५१ मध्ये गुंडाळली. पाऊस पुरेना, वाळलेली माती विटेसारखी, आणि गोरखचिंचेची झाडं रणगाड्यालाही ऐकेनात. साडेतीन कोटी पौंडांवर रक्कम गेली. शर्विक १/३५ मध्ये करावा का? शर्मनचा खालचा भाग जादा पडलाय.

सातारी_वडाप

शेंगांसाठी रनगाडा! आमच्याकडं एका बैलजोडीत काम व्हतंय. कर धोंडूभाऊ, पर शेजारी एक वाळलेलं रोप ठेव, टीचभर.

लंडनचा_धोंडू

ते रोप ही खरी कल्पना. धन्यवाद. वेगळा धागा काढतो.

अर्धवट_किट

(आणखी पाच आठवड्यांनी)

झाली. फोटो खालच्या दुव्यात चढवतोय, नेट कृपा करेल तसे.

रंग निळा, खाली पट्टा पिवळा. ग्राफाईट यांनी सांगितलं तसा तारा खाली आहे. दिव्याखाली तिरका धरला की दिसतो. पहिल्या प्रयत्नात दिसत नव्हता, रंग फार पातळ झाला होता. दुसऱ्यांदा तारा तीन थरांनी मारला, मग कड उठली. फायरवॉलला हिरवा ठेवला. बॉनेट उघडंच राहतं. पाटीवर कियापो (मनिलातला एक भाग) असं लिहिलंय, हाताने, डोळ्यात पाणी येईपर्यंत. अक्षर जरा वाकडं आहे, पण रंगाऱ्याचंही वाकडं असतंच.

चढायच्या दांड्याचा रंग पूर्ण काढून आतला पितळी तारेचा चकाकता भाग उघडा ठेवला. पायरी ग्राफाईट पेन्सिलने मधोमध घासली. बाकीची गाडी फडक्याने पुसल्यासारखी. चालक गादी काखेत घेऊन उभा आहे. मागच्या बाकावरची एक बाई पदर... नाही, तिकडे पदर नाही, रुमालाने वारा घेतेय. आणि आजोबांची बोटं: चालकाच्या दुसऱ्या हाताची तीन बोटं वर. दिल्लीची होती, मनिलाला पाठवली. माफ करा काका.

बायकोने बघितलं. म्हणाली, "ही तेरावी नाही." एवढंच.

आजोबा_५२

तीन बोटं म्हणजे किती हो? पण चालेल. फार आवडली. चष्मा लावून तारा शोधला, सापडला.

मनिलाकर

ऑफिसात दाखवली. एका फिलिपिनो सहकाऱ्याने विचारलं की तुमच्या देशातही जीपनी असते का. मी म्हटलं, सातारला असते.

सातारी_वडाप

आरं तिच्या! वडाप मनिलापर्यंत पोचलं.

ग्राफाईट

बॉनेटवर घोडे का नाहीत? जीपनीला चकचकीत घोडे असतात ना?

मनिलाकर

ते नंतरचे, सारावसारख्यांच्या काळातले. घोडागाडी गेली तरी घोडा बॉनेटवर राहिला. १९४८ च्या गाडीला नको.

अर्धवट_किट

हे आता सांगताय! मी घोडे मागवले आहेत. हिशेब करून मागवले, बॉनेटवरचा घोडा खरा पंचवीस सेंटिमीटर उंच धरला तर १/३५ मध्ये सात मिमी. मॉडेल रेल्वेच्या मापांतला एचओ गेजचा घोडा फार मोठा, एन गेजचाही मोठा. झेड गेजचा १/२२० चा जिवंत घोडा खांद्यापाशी बरोबर सात मिमी भरतो. आज पाकीट आलं. दहा घोडे आहेत. काय करू?

पाना_दहा_अकरा

दुसरी जीपनी. १९६० ची. तिला चार लागतील.

अर्धवट_किट

आणि उरलेले सहा?

सातारी_वडाप

टांगा.